इव्हान मिचुरिन

इव्हान व्लादिमिरोविच मिचुरिन (२७ ऑक्टोबर, १८५५ - ७ जून, १९३५) हे रशियन फळबाग-संशोधक व वनस्पती पैदासकार होते. मध्य रशियाच्या कडक हिवाळ्यात तग धरतील अशी सफरचंद, नाशपाती, चेरी, आलुबुखार इत्यादी फळझाडांची नवी वाणे निर्माण करण्यासाठी ते ओळखले जातात. विद्यापीठीय शिक्षण नसताना, रेल्वेतील नोकरी आणि घड्याळदुरुस्ती यांच्या मिळकतीवर त्यांनी हे काम सुरू केले व सुमारे साठ वर्षे चालू ठेवले. त्यांच्या नावावर ३०० हून अधिक वाणे सांगितली जातात. ते हयात असतानाच, १९३२ मध्ये, त्यांच्या कर्मभूमीचे कोझ्लोव हे नाव बदलून मिचुरिन्स्क असे करण्यात आले.

मिचुरिन यांच्या मृत्यूनंतर त्रोफिम लिसेन्को आणि त्यांच्या अनुयायांनी आपल्या मतांना मिचुरिनवादी जीवशास्त्र असे नाव दिले व त्या नावाखाली सोव्हिएत संघात आनुवंशिकीच्या अभ्यासावर बंदीसदृश निर्बंध आणले. त्यामुळे बागाईतदारांसाठी झटणारा पैदासकार आणि राजकीय मतप्रणालीचे प्रतीक अशा दोन परस्परभिन्न रूपांत मिचुरिन यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे.

पार्श्वभूमी

सफरचंदाचे बी लावले तर त्यातून मूळ झाडासारखेच फळ देणारे झाड मिळत नाही. बहुतेक सफरचंदाच्या झाडांत स्वतःच्या परागकणांनी फलधारणा होत नाही. दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. शिवाय प्रत्येक झाडाची आनुवंशिक रचना संमिश्र असते. त्यामुळे एकाच फळातील बियांपासून वाढलेली झाडेही एकमेकांपासून भिन्न निघतात, आणि त्यांपैकी बहुसंख्य झाडांची फळे लहान, आंबट वा तुरट असतात. म्हणून चांगल्या वाणाची वाढ कलमानेच केली जाते. खुंटावर हव्या त्या वाणाची काडी किंवा डोळा बसवला जातो. नवे वाण मिळवायचे असेल तर मात्र बियांकडेच वळावे लागते, आणि रोपाला पहिले फळ येईपर्यंत अनेक वर्षे थांबावे लागते.

एकोणिसाव्या शतकात मध्य रशियातील बागाईतदारांपुढे याहूनही मोठी अडचण होती. तेथील हिवाळ्यात तापमान शून्याखाली ३० अंश सेल्सियस किंवा त्याहून खाली जाते. पश्चिम युरोप आणि क्रिमिया येथील गोड, टिकाऊ व मोठ्या फळांची वाणे अशा थंडीत मरून जात. अंतोनोव्कासारखी काटक स्थानिक वाणे जगत, परंतु त्यांची संख्या थोडी होती. उन्हाळी फळे लवकर खराब होत, हिवाळाभर टिकणारी गोड सफरचंदे दुर्मीळ होती, आणि चांगल्या प्रतीच्या नाशपातीची लागवड या भागात जवळजवळ अशक्य मानली जाई. मिचुरिन यांनी याच प्रश्नाला आपले आयुष्य वाहिले.

बालपण व शिक्षण

मिचुरिन यांचा जन्म रशियाच्या रियाझान प्रांतातील प्रोन्स्क तालुक्यात दोल्गोये गावाजवळील वेर्शिना या वाडीवर झाला. जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार त्यांची जन्मतारीख १५ ऑक्टोबर, १८५५ अशी आहे. त्यांचे घराणे लहान जमीनदारांचे होते आणि त्यात बागकामाची परंपरा होती. वडील व्लादिमिर इव्हानोविच यांना फळझाडांची व मधमाश्या पाळण्याची आवड होती. सात भावंडांपैकी एकटे इव्हानच जगले. ते सुमारे चार वर्षांचे असताना आई मारिया पेत्रोव्ना यांचे निधन झाले. लहानपणी त्यांचा बराचसा वेळ वडिलांबरोबर बागेत जाई. बिया पेरणे, डोळे भरणे, कलमे बांधणे ही कामे ते तेथेच शिकले.

प्रोन्स्क येथील शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे त्यांना सेंट पीटर्सबर्ग येथील उच्च विद्यालयात पाठवण्याचा विचार होता. परंतु वडील आजारी पडले व कर्जापायी मालमत्ता विकावी लागली. त्यानंतर त्यांनी रियाझान येथील माध्यमिक शाळेत प्रवेश घेतला. तेथून वरिष्ठांचा अनादर केल्याच्या कारणावरून त्यांना लवकरच काढून टाकण्यात आले. औपचारिक शिक्षण तेथेच संपले. वनस्पतिशास्त्राचे पुढील सर्व ज्ञान त्यांनी पुस्तके, नियतकालिके आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांतून मिळवले.

रेल्वेतील नोकरी व पहिली बाग

१८७२ मध्ये मिचुरिन तांबोव प्रांतातील कोझ्लोव या गावी आले आणि रेल्वे स्थानकाच्या माल कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. पगार महिना १२ रुबल होता. काही काळ त्यांनी स्थानकप्रमुखाच्या मदतनिसाचे काम केले. त्यानंतर रेल्वेच्या एका भागातील घड्याळे व सिग्नल यंत्रणा यांच्या देखभालीचे काम त्यांच्याकडे आले. पगार पुरत नसल्याने घरी त्यांनी घड्याळदुरुस्तीचे लहान दुकान चालवले. १८७४ मध्ये त्यांचा विवाह अलेक्सांद्रा वासिल्येव्ना पेत्रूशिना यांच्याशी झाला. निकोलाय आणि मारिया ही त्यांची दोन अपत्ये होत.

१८७५ मध्ये त्यांनी कोझ्लोवमध्ये सुमारे ५०० चौरस मीटर जागा भाड्याने घेतली आणि तेथे फळझाडांचा संग्रह सुरू केला. काही वर्षांतच या लहानशा जागेत ६०० हून अधिक प्रकारची झाडेझुडपे दाटीने उभी राहिली. घड्याळाच्या कामातून आलेली हातांची सफाई बागेतही उपयोगी पडली. कलमे बांधण्याची कात्री, फवारणीचा हातपंप अशी अनेक साधने त्यांनी स्वतः तयार केली. प्रत्येक झाडाचा फुलोरा, फळ, थंडीतील नुकसान यांची नोंद ते वह्यांमध्ये ठेवत.

जागा अपुरी पडू लागल्यावर १८८८ मध्ये त्यांनी गावापासून सुमारे ७ किलोमीटर अंतरावर तुर्मासोवो या वस्तीजवळ सुमारे १३ हेक्टर जमीन विकत घेतली. तिचा बराच भाग नदी, उतार व झुडपे यांनी व्यापलेला होता. जमिनीच्या खरेदीतच शिल्लक संपल्याने गाडीभाड्याला पैसे उरले नाहीत, आणि कुटुंबातील माणसांनी रोपे खांद्यावरून वाहून नव्या जागी नेली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. सुरुवातीचा काळ कुटुंबाने तेथे झोपडीत काढला. पुढे रेल्वेची नोकरी सोडून मिचुरिन यांनी पूर्ण वेळ रोपवाटिकेला दिला. रोपे व कलमे यांची विक्री हेच आता उपजीविकेचे साधन झाले. रोपवाटिकेच्या मूल्यसूची छापून ते ग्राहकांना पाठवत असत.

संशोधन

हवामानाशी जुळवून घेण्याचे पहिले प्रयोग

त्या काळी मॉस्कोचे फळतज्ज्ञ ग्रेल यांची पद्धत रशियन बागाईतदारांत लोकप्रिय होती. दक्षिणेकडील उत्तम वाणांची कलमे काटक स्थानिक खुंटांवर बांधली, तर ती वाणे हळूहळू थंडीची सवय करून घेतील, असे या पद्धतीचे गृहीत होते. मिचुरिन यांनीही अनेक वर्षे हाच मार्ग चोखाळला. काही सौम्य हिवाळ्यांत कलमे जगली. पण खरा कडक हिवाळा येताच बहुतेक सर्व मरून गेली. खुंट काटक असला तरी त्यावरील वाण मूळच्याइतकेच नाजूक राहते, हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन घेतला. पुढे त्यांनी या पद्धतीवर लेखन करून इतर बागाईतदारांना तिच्यापासून सावध केले.

यानंतर त्यांनी दक्षिणी वाणांच्या बियांपासून रोपे वाढवून त्यांतून काटक झाडे निवडण्याचा प्रयत्न केला. त्यालाही मर्यादित यश आले. अखेरीस ते कृत्रिम संकराकडे वळले आणि त्यांचे मुख्य काम तेथूनच सुरू झाले.

दूरस्थ संकर

काटक परंतु निकृष्ट फळाचे एक झाड आणि नाजूक परंतु उत्तम फळाचे दुसरे झाड यांचा संकर करून दोघांचे गुण एका रोपात आणणे, हा मिचुरिन यांच्या कामाचा गाभा होता. स्थानिक काटक झाडाशी संकर केला तर स्थानिक हवेत त्याचेच आंबट, लहान फळाचे गुण वरचढ ठरतात, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून दोन्ही जनक झाडे संकराच्या जागेपासून दूरच्या आणि परस्परांपासूनही भिन्न प्रदेशांतील असावीत, असे मत त्यांनी मांडले. भिन्न भूप्रदेशांतील जनकांची निवड हे तत्त्व पुढे अनेक पैदासकारांनी उपयोगात आणले.

काटकपणासाठी त्यांनी सायबेरिया, अतिपूर्व रशिया, चीन, उत्तर अमेरिका येथील रानटी व अर्धरानटी जाती मिळवल्या. सफरचंदासाठी कितायका हे लहान फळांचे, थंडीत टिकणारे झाड त्यांनी अनेकदा जनक म्हणून वापरले. नाशपातीसाठी अतिपूर्वेतील उस्सुरी नाशपाती आणि द्राक्षासाठी अमूर नदीच्या खोऱ्यातील रानद्राक्ष त्यांना उपयोगी पडले.

एकमेकांपासून फार दूरच्या जातींचा संकर सहजासहजी होत नाही. ही अडचण ओलांडण्यासाठी त्यांनी काही युक्त्या योजल्या. थेट जुळत नसलेल्या दोन जातींमध्ये आधी तिसऱ्या जातीचा संकर करून तिला मध्यस्थ करणे, अनेक वाणांचे परागकण एकत्र करून वापरणे, आणि संकरापूर्वी एका जातीच्या झाडावर दुसऱ्या जातीचे कलम बांधणे या त्यांपैकी प्रमुख होत. पीच उत्तरेकडे नेण्यासाठी त्यांनी रानटी ठेंगणा बदाम व डेव्हिड पीच यांचा संकर मध्यस्थ म्हणून तयार केला होता.

रोपांची जोपासना व निवड

तुर्मासोवोची जमीन काळी आणि कसदार होती. अशा जमिनीत संकरित रोपे जोमाने वाढतात, पण थंडीला नाजूक राहतात, असे मिचुरिन यांना वाटू लागले. म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी तयार बाग सोडून लेस्नोय वरोनेझ नदीच्या वळणावरील दोन्स्कोये वस्तीजवळ हलक्या, रेताड जमिनीवर संपूर्ण रोपवाटिका हलवली. येथे रोपांना मुद्दाम लाडाविना वाढवले जाई. जी तग धरत तीच ठेवली जात. हजारो रोपांतून पाने, कळ्या, फांद्या यांची ठेवण पाहून लहान वयातच निवड करण्याची त्यांची हातोटी होती. या निवडीतून अखेरपर्यंत फारच थोडी रोपे उरत.

मार्गदर्शक कलमाची पद्धत

तरुण संकरित रोपाच्या माथ्यावर हव्या असलेल्या वाणाच्या काड्या बांधल्या, किंवा रोपाचे डोळे जुन्या झाडाच्या माथ्यात भरले, तर त्या वाणाचे गुण रोपात उतरतात, असे मिचुरिन यांचे मत होते. या पद्धतीस त्यांनी मार्गदर्शक या अर्थाचे नाव दिले. बेलफ्लोर-कितायका हे वाण सुरुवातीला लवकर पिकणारी फळे देत होते. मार्गदर्शक कलमे बांधल्यावर फळे उशिरा पिकू लागली व अधिक टिकू लागली, असे त्यांनी नोंदवले. अंतोनोव्काच्या मोठ्या फळांच्या प्रकारातील डोळा नाशपातीच्या रानटी रोपावर भरून मिळालेल्या, नाशपातीच्या आकाराशी साम्य असलेल्या सफरचंदाला त्यांनी कलमातून झालेला संकर मानले.

प्रमुख वाणे

* कांदिल-कितायका - क्रिमियातील कांदिल सिनाप आणि कितायका यांचा संकर. क्रिमियाच्या सफरचंदाचे गुण उत्तरेकडे आणण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.
* बेलफ्लोर-कितायका - अमेरिकी पिवळा बेलफ्लोर व कितायका यांचा संकर. याची फळे मोठी आणि चवीला उत्तम असतात.
* पेपिन शाफ्रान्नी - ऑर्लियन्स रेनेट या वाणाचा लिथुआनियन पेपिन व कितायका यांच्या संकराशी केलेला संकर. केशरी छटेची, हिवाळ्यात टिकणारी फळे देणारे हे वाण मिचुरिन यांच्या वाणांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेल्या वाणांत गणले जाते.
* स्लाव्यांका - अंतोनोव्का व अननस रेनेट यांचा संकर.
* सहाशे ग्रॅमी अंतोनोव्का - अंतोनोव्काच्या झाडावर आढळलेल्या, मोठी फळे देणाऱ्या फांदीपासून निवडलेला प्रकार.
* बेरे झिम्न्याया - उस्सुरी नाशपाती व दक्षिणी बेरे नाशपाती यांचा संकर. हिवाळ्यात टिकणारी नाशपाती.
* क्रासा सेवेरा - आंबट चेरी आणि गोड चेरी यांचा संकर.
* सेरापादूस - चेरी व पक्षीचेरी या दोन भिन्न गटांतील झाडांचा संकर. पुढे चेरीच्या खुंटांच्या पैदाशीत याचा उपयोग झाला.

यांशिवाय रोवन, ॲक्टिनिडिया, द्राक्ष, जर्दाळू यांच्याही नव्या वाणांवर त्यांनी काम केले. उत्तर अमेरिकेतील काळे चोकबेरी हे झुडूप रशियात फळपीक म्हणून रुजण्यामागे त्यांचे प्रयत्न होते. त्या लागवडीतील प्रकार मूळ रानटी जातीहून वेगळा असल्याचे आढळल्यावर १९८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला मिचुरिन यांचे नाव दिले.

झारशाहीच्या काळातील अडचणी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिचुरिन यांनी आपल्या कामाला सरकारी आधार मिळावा म्हणून कृषी खात्याकडे प्रस्ताव मांडले. परंतु त्यांना अपेक्षित मदत मिळाली नाही. १९१० च्या दशकाच्या आरंभी त्यांना सेंट ॲना पदक देण्यात आले. त्याने आर्थिक स्थितीत फरक पडला नाही. याच सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी वनस्पतींचा शोध घेणारे फ्रँक मेयर त्यांच्या बागेत येऊन गेले. अमेरिकेने संपूर्ण संग्रह विकत घेण्याची तयारी दाखवली व मिचुरिन यांनी ती नाकारली, असे सोव्हिएत काळातील चरित्रांत आवर्जून सांगितले जाते.

१९१५ हे वर्ष त्यांच्यासाठी अत्यंत कठीण ठरले. वसंत ऋतूत नदीला पूर येऊन रोपवाटिकेतील अनेक संकरित रोपे नष्ट झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात पटकीच्या साथीत पत्नी अलेक्सांद्रा यांचे निधन झाले. विवाहापासूनची चाळीस वर्षे त्या बागेच्या कामात सहभागी होत्या.

क्रांतीनंतर

१९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर मिचुरिन यांनी नव्या शासनासाठी काम करण्याची तयारी दाखवली. १९१८ मध्ये रोपवाटिकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तिचे प्रमुख म्हणून त्यांचीच नेमणूक करण्यात आली. खासगी बाग गेली, परंतु तिच्या जागी पगार, मनुष्यबळ व जमीन मिळाली. इव्हान गोर्श्कोव यांच्यासारखे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले आणि वाणांची वाढ मोठ्या प्रमाणावर करणे शक्य झाले.

१९२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी कोझ्लोव येथील रोपवाटिकेला भेट दिली. लागवडीखालील वनस्पतींच्या उगमस्थानांचा अभ्यास करणाऱ्या वाविलोव यांना दूरदूरच्या जाती एकत्र आणणाऱ्या या कामाचे मोल तत्काळ जाणवले. मिचुरिन यांचे कार्य शास्त्रीय जगासमोर आणण्यास आणि त्यांना पाठबळ मिळवून देण्यास त्यांनी साहाय्य केले. १९२२ मध्ये मॉस्कोहून लेनिन यांच्या शासनाने तांबोव प्रांताच्या अधिकाऱ्यांकडे मिचुरिन यांच्या प्रयोगांचा अहवाल मागवला. त्यानंतर रोपवाटिकेकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. १९२३ मध्ये मॉस्को येथे भरलेल्या अखिल रशियन कृषी प्रदर्शनात मिचुरिन यांच्या फळांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

१९२८ मध्ये रोपवाटिकेचे फळझाडांच्या निवड व आनुवंशिकी केंद्रात रूपांतर झाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी कोझ्लोवमध्ये फळसंशोधन संस्था, शिक्षणसंस्था व मोठी सरकारी फळबाग उभी राहिली. १९३४ मध्ये केंद्राला मध्यवर्ती आनुवंशिकी प्रयोगशाळेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी साठ वर्षांच्या कार्याचा आढावा घेणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

७ जून, १९३५ रोजी जठराच्या कर्करोगाने मिचुरिन यांचे निधन झाले. मिचुरिन्स्क येथेच त्यांना दफन करण्यात आले.

पुरस्कार व सन्मान

* सेंट ॲना पदक
* श्रमाचे लाल निशाण पदक
* लेनिन पदक (१९३१)
* सोव्हिएत विज्ञान अकादमीचे मानद सदस्यत्व (१९३५)
* अखिल संघीय कृषी विज्ञान अकादमीचे सदस्यत्व (१९३५)

मिचुरिनवाद आणि लिसेन्को

निसर्गाच्या कृपेची वाट न पाहता माणसाने आपल्याला हवे ते त्याच्याकडून मिळवावे, अशा आशयाचा मिचुरिन यांचा विचार सोव्हिएत प्रचारात घोषवाक्य म्हणून सर्वत्र वापरला गेला. त्यांच्या मृत्यूनंतर कृषितज्ज्ञ त्रोफिम लिसेन्को व त्यांचे सहकारी इसाक प्रेझेंत यांनी मिचुरिन यांच्या लेखनातील निवडक मतांचा आधार घेतला. परिस्थितीमुळे सजीवात झालेले बदल पुढील पिढीत उतरतात, आणि जनुकांची कल्पना भ्रामक आहे, असे ते प्रतिपादन करत. मार्गदर्शक कलम व कलमातून होणारा संकर यांविषयीची मिचुरिन यांची मते या प्रतिपादनाला सोयीची होती.

मेंडेल यांच्या नियमांबद्दल मिचुरिन यांची भूमिका एकसारखी नव्हती. फळझाडांच्या संकरात ते नियम लागू पडत नाहीत, असे त्यांनी प्रथम ठामपणे मांडले; उत्तरायुष्यात या नियमांचे मोल त्यांनी काही प्रमाणात मान्य केले. त्यांच्या आक्षेपाला व्यवहारातील कारण होते. मेंडेल यांनी वाटाण्याच्या शुद्ध वाणांचा संकर केला होता, त्यामुळे पहिल्या पिढीतील झाडे एकसारखी निघाली आणि दुसऱ्या पिढीत ठरावीक प्रमाण दिसले. सफरचंदात जनक झाडेच संमिश्र असल्याने पहिल्याच पिढीत विविधता दिसते, आणि थोड्या झाडांत ते प्रमाण हाती लागत नाही. नियम चुकीचा नव्हता. मात्र तो बागेत सहजपणे दिसण्यासारखाही नव्हता.

या सूक्ष्म भेदाला पुढील वादात स्थान उरले नाही. मिचुरिन यांना पुढे आणण्यात वाटा असलेले वाविलोव हे लिसेन्कोंच्या मतांना विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी प्रमुख होते. त्यांना १९४० मध्ये अटक झाली आणि २६ जानेवारी, १९४३ रोजी सारातोव येथील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये कृषी विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात मिचुरिनवादी जीवशास्त्र हीच एकमेव मान्य दिशा ठरवण्यात आली. त्यानंतर अनेक आनुवंशिकी-शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या, प्रयोगशाळा बंद झाल्या आणि पाठ्यपुस्तके बदलण्यात आली. १९६४ मध्ये निकिता ख्रुश्चेव सत्तेवरून दूर झाल्यावर लिसेन्कोंचा प्रभाव ओसरला व आनुवंशिकीला पुन्हा मान्यता मिळाली. मिचुरिन यांचे निधन या घडामोडींच्या तेरा वर्षे आधी झाले होते, आणि आपल्या नावाच्या या वापराबाबत मत देण्यास ते हयात नव्हते.

मूल्यमापन

मिचुरिन यांच्या कार्याचे आजचे मूल्यमापन करताना त्यांनी केलेले काम आणि त्यांनी दिलेले स्पष्टीकरण यांचा वेगवेगळा विचार केला जातो. दूरच्या प्रदेशांतील जनकांची निवड, रानटी काटक जातींचा वापर, मोठ्या संख्येने रोपे वाढवून केलेली कठोर निवड आणि दीर्घकालीन नोंदी या त्यांच्या कामाच्या बाजू आधुनिक पैदाशीच्या तत्त्वांशी जुळतात.

मार्गदर्शक कलमाचा सिद्धान्त मात्र पुढील प्रयोगांत टिकला नाही. खुंटामुळे झाडाची उंची, फळधारणेचे वय, फळांचा आकार यांत फरक पडतो, हे बागाईतदारांना पूर्वीपासून माहीत आहे. परंतु त्यामुळे वाणाची आनुवंशिक रचना बदलत नाही. बियांपासून वाढलेल्या तरुण झाडाची फळे पहिल्या काही बहारांत नंतरच्या फळांपेक्षा वेगळी असतात. मिचुरिन यांनी मार्गदर्शकाचा परिणाम मानलेल्या बदलांपैकी काही अशा नैसर्गिक वाढीतून झाले असावेत, असे मानले जाते. त्यांच्या प्रयोगांत तुलनेसाठी कलमाविना ठेवलेली समान झाडे पुरेशी नसल्याने याचा निवाडा त्यांच्या नोंदींवरून होऊ शकत नाही.

त्यांच्या वाणांबाबतही प्रचारात अतिशयोक्ती झाली. शेकडो वाणांपैकी व्यापारी लागवडीत दीर्घकाळ टिकलेली वाणे थोडी आहेत. परंतु पुढील पैदाशीसाठी जनक म्हणून त्यांचे महत्त्व मोठे ठरले. उदाहरणार्थ, हिवाळाभर टिकणारे सेवेर्नी सिनाप हे रशियातील परिचित सफरचंद कांदिल-कितायकाच्या बियांपासून निवडण्यात आले. पेपिन शाफ्रान्नी व बेलफ्लोर-कितायका यांचाही नव्या वाणांच्या पैदाशीत वारंवार उपयोग झाला.

वारसा

मिचुरिन्स्क हे आजही रशियातील फळसंशोधनाचे प्रमुख केंद्र आहे. तेथील कृषी विद्यापीठाला मिचुरिन यांचे नाव असून त्यांचे राहते घर संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. याच गावी पुढील पिढीतील संशोधक बुडागोव्स्की यांनी सफरचंदाचे थंडी सहन करणारे ठेंगणे खुंट विकसित केले. त्यांपैकी लाल पानांचा बुडागोव्स्की ९ हा खुंट रशियाबाहेर, विशेषतः उत्तर अमेरिकेत, सफरचंदाच्या दाट लागवडीसाठी वापरला जातो. नाजूक वाण काटक खुंटावर बांधून वाणाचाच स्वभाव बदलण्याची आशा मिचुरिन यांना तरुणपणी सोडावी लागली होती. त्यांच्या गावी पुढे खुंटाकडून खुंटाचेच काम करून घेण्याचे शास्त्र विकसित झाले.

मिचुरिन यांच्या जीवनावर अलेक्सांदर दोव्झेंको यांनी १९४८ मध्ये मिचुरिन हा रंगीत चित्रपट दिग्दर्शित केला. त्याला दिमित्री शोस्ताकोविच यांचे संगीत आहे. रशिया व पूर्वीच्या सोव्हिएत संघातील अनेक रस्ते, वस्त्या आणि संस्था यांना मिचुरिन यांचे नाव देण्यात आले आहे.